ब्रेकच्या नऊ वाट्या

आमच्या घरात चाकाला पाय लागला तर वाकून नमस्कार करायची पद्धत होती. पुस्तकाला लागला तर एक वेळ नुसतं कपाळाला बोट लावून भागायचं, चाकाचं तसं नव्हतं. पनवेलला आमच्या आळीत घरोघरी बैलगाडीची चाकं व्हायची आणि ती पार घाटावरपर्यंत जायची. पहाटे जाग यायची ती वाकसाने लाकूड तासण्याच्या आवाजाने. आठवड्यातून एकदा अंगणात गोवऱ्या रचून लोखंडी धाव तापवायची, ती लालबुंद झाली की चौघांनी चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून घागरींनी पाणी ओतायचं. धाव आवळत जायची, लाकूड करकरायचं, आणि सगळं घर वाफेने भरून जायचं. त्या दिवशी आमच्याकडे हमखास वालाचं बिरडं, कारण उरलेल्या निखाऱ्यांवर आई भांडं चढवायची. तिच्या मते चुलीवरच्या बिरड्याला ती चव येत नाही. मी नंतर गॅसवर, कुकरमध्ये, सगळीकडे करून पाहिलं. तिचं म्हणणं खरं होतं.

घराण्याचा एक नियम होता, कोरडं काही बसवायचं नाही. नवं चाक कण्यावर चढवण्याआधी घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या हाताने वंगण लावायचं, मग हळदकुंकू, मग चाक. आजोबांच्या काळी हे वंगण एरंडेलात काजळी खलून करत. अण्णांच्या काळात मुंबई-पुणे रस्त्यावर लॉऱ्या वाढल्या, नाक्यावर त्यांच्या इंजिनांतून काढलेलं जळकं तेल डब्याने मिळायला लागलं, आणि एरंडेल फक्त माझ्या पोटासाठी उरलं. अण्णा म्हणजे माझे वडील. लॉऱ्यांमुळे बैलगाड्या कमी होणार हे आळीतल्या इतरांनी मान्य केलं त्याच्या खूप आधी त्यांनी ओळखलं होतं, आणि ओळखून ते स्वस्थ बसले नाहीत. युद्ध संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक शेवाळी रंगाची जीप ते कल्याणहून घेऊन आले. स्टिअरिंग डाव्या बाजूला, टपाच्या जागी फाटकी ताडपत्री. सुताराने जीप आणली म्हणून आळी महिनाभर हसली. अण्णांनी मात्र तिच्या चारी चाकांना हळदकुंकू लावलं आणि माथेरानच्या पायथ्याकडून लाकूड आणायला सुरुवात केली. जिथे लॉरी जात नसे आणि बैल दमत, तिथे ती जीप शेळीसारखी चढायची.

काही वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका हिवाळ्यात नेऱ्याहून लग्न आटोपून परत येताना, सुकापूरच्या अलीकडे रस्ता ओढ्यात उतरतो त्या उतारावर ब्रेक लागला नाही. गाडीत फक्त अण्णा आणि आई. समोरून गुरं येत होती. अण्णांनी गाडी रस्त्याखाली घातली, ती जोमा म्हणून ओळखीचे शेतकरी होते त्यांच्या खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीत जाऊन घुसली. गुरं वाचली, अण्णांना खरचटलं, आईचं उजवं मनगट मोडलं. जोमा स्वतः बैलगाडी जुंपून दोघांना घेऊन आले. अण्णा त्यांच्या पेंढ्याचं काहीतरी बोलायला लागले तर ते म्हणाले, "पेंढा काय अण्णा, पुढल्या साली परत व्हईल. तुमी वाचलाव ना, झाला."

आईचा उजवा हात गळ्यात आला आणि आमचं घर एका हाताचं झालं. भाकऱ्या माझ्याकडे आल्या. तांदळाच्या पिठाची उकड मला साधायची नाही, भाकरी तव्यावर टाकली की कडेने भेगाळायची, आणि आई डाव्या हाताने जेवता जेवता प्रत्येक भेगेवर बोलायची. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे माझ्या भाकरीची काळजी तिला दुहेरी. पण तिचा खरा राग जीपवर होता. ते धूड दारात दिसलं की ती तोंड फिरवायची. पंधरवड्याने कल्याणचा भंगारवाला येणार होता, त्याला जीप द्यायची असं तिने जाहीर करून टाकलं. अण्णा नुसते बरं म्हणाले. जो माणूस चाकाच्या एका आऱ्यावरून गिऱ्हाइकाशी तासभर भांडायचा, तो बरं म्हणाला आणि वाकस बाजूला ठेवून बसून राहिला. नाक्यावर लोक काय बोलत होते ते मला मैत्रिणींकडून कळत होतं. बैल हाकणारा माणूस, ऐन वेळी भलताच पाय दाबला असणार, बैलाला कुठे ब्रेक असतो, असं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी चहा घेऊन कामाच्या पडवीत गेले तेव्हा अण्णा आपला उजवा पाय पुढे करून त्याच्याकडे बघत बसले होते. मी विचारलं, दुखतोय का. त्यांनी पाय मागे घेतला. मग म्हणाले, "शालू, मी ब्रेक दाबला की क्लच, मला आठवत नाही. पेडल खाली गेलं एवढंच आठवतं. मला वाटतं माझाच पाय चुकला." आणि हे आईला सांगायचं नाही, म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. तिचा हात माझ्या पायाने मोडला हे तिला कळलं तर मी तिच्यासमोर जेवायला कसा बसू, असं म्हणाले. मी वचन दिलं. आज मला वाटतं ते द्यायला नको होतं, पण अठराव्या वर्षी वडिलांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं की मुलगी काहीही कबूल करते. मनात मात्र मी ठरवलं की ही जीप भंगारात जाऊ द्यायची नाही. ती गेली असती तर अण्णा जन्मभर त्या पायाकडे बघत बसले असते.

कासमचाचा नाक्यावर मोटारी दुरुस्त करत. ते मूळचे पनवेलचेच कोकणी मुसलमान, तरुणपणी बोटीच्या इंजिनावर होते, आता जाड भिंगांचा चष्मा लावून लॉऱ्यांखाली शिरत. मी त्यांना घरी घेऊन आले. त्यांनी चारी चाकं उतरवली, प्रत्येक चाकाच्या आत लोखंडाची एक छोटी नळी असते ती उघडली आणि आतून रबराच्या दोन-दोन वाट्या काढल्या. पेडल दाबलं की त्याला जोडलेल्या मुख्य नळीतलं तेल धावतं, ते या वाट्यांना ढकलतं आणि वाट्या ब्रेकला, असं त्यांनी मला पाण्याच्या पिचकारीचं उदाहरण देऊन समजावलं. ते त्यांना वायसर म्हणत, आम्ही घरात वाट्याच म्हणायला लागलो. मुख्य नळीतली वाटी चिरलेली होती, तिच्या बाजूने तेल निसटून जात होतं. मी ती अण्णांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, बघा, ब्रेक मेलेलाच होता, तुमचा पाय नाही. अण्णांनी ती उलटसुलट केली. आपटल्यावर चिरली असेल, म्हणाले. या माणसाला पुराव्याने पटणार नाही, पुन्हा त्याच उतारावर गाडी थांबवूनच पटेल, हे मला तिथे कळलं.

आईकडे परवानगी मागायला गेले तर ती म्हणाली, भंगारवाला येईपर्यंत काय वाटेल ते कर, नंतर विषय बंद. म्हणून मी गोदाआत्याला तयार केलं. ती अण्णांची थोरली विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची, आणि तिच्याशिवाय मला मुंबईला कोणी पाठवलं नसतं. निघताना कासमचाचांनी बजावलं की पुढच्या आणि मागच्या चाकांतले, दोन्ही नमुने घेऊन जा. आत्याने नाक मुरडलं. चाकांच्या घरात तिचा जन्म गेलेला, चार चाकं म्हणजे चार सारखी, मोजायचं काय त्यात. पण चाचा बरोबर होते, मागच्या वाट्या पुढच्यांपेक्षा लहान निघाल्या. चार मोठ्या, चार लहान आणि मुख्य नळीची एक, अशा नऊ लागणार होत्या. मी नुसत्या जुन्या वाट्यांवर विसंबले नाही, त्या झिजून आकार सोडलेल्या होत्या. तिन्ही प्रकारच्या लोखंडी नळ्याच पिशवीत घातल्या. पिशवी चांगली जड झाली, आणि तिच्यात वर आत्याच्या दशम्यांचा डबा.

एस.टी.ने ठाणं, तिथून पुढे मुंबई, आणि मग चोरबाजारात मिलिटरीचा जुना माल विकणाऱ्या दुकानांच्या रांगा. पहिल्या दुकानात मला लॉरीची वाटी दाखवली, दुसऱ्यात विलायती मोटारीची. सगळे म्हणत, घेऊन जा ताई, बसेल, थोडी घासून घ्या. मी प्रत्येक वाटी तिथल्या तिथे नळीत घालून बघायची. सैल असली तर घरंगळायची, घट्ट असली तर वाकडी होऊन अडकायची. कासमचाचांनी खूण सांगितली होती की बरोबर वाटी बोटाने ढकलली की सरळ सरकते आणि दुसऱ्या टोकावर तळवा ठेवला तर हवा तळव्याला ढकलते. अकरा दुकानं झाली. एका दुकानदाराने विचारलं, घरात पुरुष माणूस नाही का. आत्याने त्याला असं काही उत्तर दिलं की ते मी इथे लिहीत नाही. बाराव्या दुकानात दाढीवाले म्हातारे बोहरी शेठ बसले होते. त्यांनी माझ्या नळ्या बघितल्या, आत गेले आणि मेणकागदात बांधलेलं एक जुनं खोकं घेऊन आले. मी पहिली वाटी नळीत ढकलली, आणि हवेने माझा तळवा उचलला. तो स्पर्श मला अजून आठवतो. लग्न, मुलं, पुढची नोकरी, पुष्कळ आनंद झाले, पण एखादी गोष्ट नेमकी बरोबर असण्याचा आनंद मला पहिल्यांदा त्या दुकानात कळला. आत्या टायरांच्या ढिगावर बसून दशमी खात होती. तिने विचारलं, झालं का एकदाचं. मी नळाखाली हात धुवायला गेले आणि जरा रडून आले.

घरी आले तेव्हा अण्णा दारात उभे होते. पुडी सोडून त्यांनी एकेक वाटी उजेडात धरून बघितली, आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर कारागीर दिसला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कासमचाचा नमाजाला जाताना सांगून गेले, वाट्या ब्रेकच्या तेलात बुडवून ठेव, आलो की बसवतो. मी तेलाची बाटली आणायला आत गेले. परत येते तो अण्णा पाटावर बसलेले, पुढ्यात ताटलीत नऊ वाट्या मांडलेल्या, आणि ते एकेकीला आपल्या हाताने वंगण लावत होते. तेच, डब्यातलं जळकं तेल. वर प्रत्येकीला हळदकुंकवाचं बोट. मी थांबवलं नाही. मला वाटलं, तेल ते तेल. आणि खरं सांगायचं तर ते काहीतरी करताहेत हेच मला इतकं बरं वाटलं की मी दारात उभी राहून नुसती बघत राहिले. त्यांनी वाट्या फडक्याने निगुतीने पुसून ठेवल्या. चाचा आले, त्यांना त्या तेलकट दिसल्या, मीच त्या बुडवून काढल्या असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्या बसवल्या. मी पेडल दाबायचं, त्यांनी खालून हवा काढायची, असं संध्याकाळपर्यंत चाललं. ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. उतारावर नंतर जाऊ, आधी दोन दिवस गावात फिरवू, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप दारातून हलेना. इंजिन घोंघावत होतं, चाकं जागची हलत नव्हती. आधी ब्रेक लागत नव्हता, आता सुटत नव्हता. आळीतली पोरंटोरं जमली. कोणीतरी म्हणालं, सुताराची जीप, खुंटा ठोकून बसवली असेल. अण्णा गाडीतून उतरले, पडवीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी मागोमाग गेले तर एवढंच म्हणाले, परवा पाय होता, आज हात. आई उंबऱ्यात उभी होती, तिला यातलं काहीच कळलं नाही. ती म्हणाली, पाच दिवसांनी भंगारवाला येतोय, न्यायला बैल जोडा म्हणावं. मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता, सगळ्यात जास्त त्या बोहरी शेठचा. खोटा माल माझ्या गळ्यात मारला म्हणून मी चाचांकरवी वाट्या काढवल्या, पुडीत बांधल्या, आणि आत्याला घेऊन भांडायला निघाले. आत्या भांडणाच्या नावाने माझ्याआधी तयार होती.

शेठनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग पुडी सोडली. वाट्या फुगून मऊ झाल्या होत्या, भिजलेल्या पावट्यासारख्या. त्यांनी एक नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बेटी, इसको जला हुआ तेल किसने लगाया?" आत्या भांडायला उभी राहिली होती, ती खाली बसली. शेठनी समजावून सांगितलं की इंजिनाचं तेल या रबराचा शत्रू, ते लागलं की रबर फुगतं आणि नळीत रुतून बसतं. ब्रेकचं तेलच लावायचं, नाहीतर एरंडेल. जुन्या काळी ब्रेकच्या तेलात एरंडेलच असायचं, असंही म्हणाले. त्यांच्या खोक्यात अजून नऊ वाट्या होत्या. त्या देताना त्यांनी मला दोनदा विचारलं की घरी नीट सांगशील ना.

परतीच्या अख्ख्या वाटेवर मी तोच विचार करत होते. माणूस आधीच स्वतःला दोष देऊन आडवा झालेला, त्याला सांगायचं की हेही तुमच्याच हातून झालं? आत्याचं मत, सांगू नये, माल खराब होता म्हणावं. ते सोपं होतं. पण मग ते नव्या वाट्यांनाही डब्यातलं तेल लावणार, नाहीतर त्यांना अंगणातून हाकलून वाट्या बसवाव्या लागणार, आणि ते तर मला त्याहून नको होतं. घरी पोचल्यावर मी चपलाही न काढता पडवीत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जळकं तेल तुम्ही लावलंत, मी बघत होते, मीही थांबवलं नाही, शेठ म्हणाले एरंडेल चालतं. अण्णा उठून बसले. मला वाटलं आता खचतील. ते थोडा वेळ डोकं खाजवत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे बाबांचं वंगण बरोबर होतं. ते बदललं मी." आणि हसले. त्यांना कसली ती मोकळीक वाटली हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे शाळेत तीस वर्षं मुलांची गणितं तपासताना कळलं. चूक कुठे झाली हे सापडलं की माणसाला पुन्हा पाटी हातात घ्यावीशी वाटते. त्यांनी माझी पोटाची एरंडेलाची बाटली मागवली, नऊही वाट्यांना स्वतःच्या हाताने लावलं, हळदकुंकू मात्र कासमचाचांनी अडवलं. या वेळी चाचा नमाजाहून परत येईपर्यंत आम्ही कोणी कशाला हात लावला नाही.

दोन दिवस जीप दारासमोर मागेपुढे केली, ब्रेक लागत होता आणि सुटत होता. मग अण्णा म्हणाले, आता उतारावर. मी मागे चढून बसले. तेवढ्यात आई पदर खोचत बाहेर आली, गळ्यातला हात तसाच, आणि पुढच्या सीटवर चढली. अण्णा म्हणाले, तू नको. ती म्हणाली, थांबली तर राहील, नाही थांबली तर उद्या भंगारवाला घेऊन जाईल, पण बघणार मी. आत्याने दारातून नाही नाही म्हणून हात हलवले, तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

सुकापूर मागे पडलं आणि उतार आला. तिथे आता बिल्डिंगा झाल्या आहेत, ओढा सिमेंटच्या नळात गेला आहे आणि उतार भराव घालून सपाट केला आहे. माझी नात तिथेच राहते, तिला मी जागा दाखवली तर तिला तिथे काहीच दिसेना. तेव्हा मात्र वरच्या टोकाला उभं राहिलं की तो उतार विहिरीसारखा खोल वाटायचा. अण्णांनी ओढा ओलांडून, वर जाऊन गाडी वळवली आणि तोंड खाली करून उभी केली. त्यांची मान घामाने भिजली होती. खाली जोमा आपल्या खळ्यात उभे होते, त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि म्हैस सोडून लांब नेली. मग अण्णांनी गाडी सोडली. ती घरंगळायला लागली, वेग घ्यायला लागली, ताडपत्री फडफडायला लागली, आणि अर्ध्या उतारावर अण्णांनी दोन्ही पाय एकाच पेडलवर रोवले. जीप पुढे वाकली, मी पुढच्या सीटवर आदळले, आणि गाडी थांबली. अगदी पुरती थांबली. ओढ्याच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

अण्णा पाय काढायला तयार नव्हते. गुडघे ताठ करून पेडल दाबून बसले होते. आई त्या पायांकडे बघत होती.

"त्या दिवशीही असाच दाबला होतात," ती म्हणाली. "दोन्ही पायांनी."

अण्णांनी मान वळवली. "तू बघितलंस?"

"मग दुसरीकडे कुठे बघणार होते मी? हेच पेडल पार तळाला टेकलं तरी तुम्ही दाबतच होतात. म्हणून तर मला हे धूड नको झालंय."

अण्णांनी पुन्हा खाली पेडलकडे बघितलं. मग खूप हळू म्हणाले, "मला इतके दिवस वाटत होतं, माझा पाय चुकला."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला राग आला की रडू, मला मागून दिसत नव्हतं. वचन दिलं नसतं तर आठदहा दिवसांपूर्वीच हे झालं असतं, एवढंच मला कळत होतं, आणि माझी मलाच लाज वाटत होती. तिने डावा हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, तो सैल पडेपर्यंत तसाच ठेवला.

"एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चला, घ्या वर. पुन्हा उतरून बघू."

अण्णांनी गाडी वर नेली, वळवली, पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. मग पुन्हा. ती सांगत गेली आणि ते करत गेले. त्या दिवशी आम्ही तो उतार किती वेळा उतरलो ते कोणी मोजलं नाही. सुरुवातीला प्रत्येक वेळी आई खाली वाकून त्यांच्या पायांकडे बघत होती. शेवटी शेवटी ती बाहेर, शेतांकडे बघत होती.